बाप्तिस्म्याच्या वहीतले आपले लोक

आपल्या शिबिरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'ते मिशनवाले काय, दुधाच्या पावडरीवर बाटले.' बोलणारा आपलाच असतो. जयंतीला निळा झेंडा घेऊन पुढे चालणारा असतो. टाळ्या पडतात आणि विषय संपतो.

मित्रांनो, विषय संपत नाही. 'बाटणे' हा शब्द जरा उलटासुलटा करून बघा. बाटतो कोण? जो आधी शुद्ध आहे तो. ज्याच्या सावलीनं गाव विटाळत होतं, ज्याच्या गाडग्याला पाटलाच्या विहिरीचा काठ ठाऊक नव्हता, त्याला बाटायला काय उरलं होतं? हा शब्द आपला नव्हेच. तो वाड्यातून आला, ओसरीवर बसला आणि आपल्या तोंडात कधी शिरला ते आपल्याला कळलंही नाही. बामणाच्या शब्दानं आपण आपल्याच चुलत्याला शिवी घालतो, आणि तिला विद्रोह म्हणतो.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. तिच्या माहेरची निम्मी माणसं मिशनात गेली, निम्मी १९५६ नंतर बौद्ध झाली. एकाच आडनावाची दोन घरं, मध्ये एक बोळ. एका घरात येशूची तसबीर, दुसऱ्यात बाबासाहेबांची. मी वाढलो दुसऱ्या घरात. पण बोळ ओलांडायला मला कुणी मनाई केली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

इतिहास कसा लिहिला जातो बघा. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. त्यांचं 'अरुणोदय' आहे, 'यमुनापर्यटन' आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर कपाटभर पुस्तकं आहेत. नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या घरचा सगळा कल्लोळ लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवला, आणि ते पुस्तक थोरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. वरच्या जातीतला एक माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं चरित्र होतं. महार-मांगांची अख्खी वस्ती ख्रिस्ती झाली की मिशनच्या अहवालात एक आकडा होतो. या तिमाहीत इतके, त्या तिमाहीत तितके. पुण्या-मुंबईचे विद्वान चरित्रावर प्रबंध लिहितात. आकड्याला कोण विचारतो? आकड्याला बायको होती का, आकड्याला रात्री झोप लागली का?

एकाच घरातली एक गोष्ट सांगतो. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्याबरोबर मिशनच्या घरी राहिला, तिथं जेवला. बापानं कोर्टात धाव घेतली. पोरगं अज्ञान म्हणून बापाच्या हवाली झालं. मग प्रश्न आला, मिशनात जेवलेल्या पोराला पंक्तीला घ्यायचं कसं? 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर त्याच्या प्रायश्चित्तासाठी उभे राहिले, आणि सनातन्यांनी त्यांच्यावरच काहूर उठवलं. एका पोराच्या पोटात गेलेल्या घासांवरून अख्खी ब्राह्मण मुंबई दुभंगली. हे सगळं नीट नोंदलेलं आहे, शाळेतल्या मास्तरालाही ठाऊक असतं.

आता थोरल्या भावाचं पुढं काय झालं? ते फारसं कुणी सांगत नाही. नारायण शेषाद्री पाद्री झाला, मराठवाड्यात जालन्याकडे गेला. निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्या गावात राहायला आले ते बहुतेक मांग. ज्यांना गावात घर नव्हतं, गावाबाहेर होतं, त्यांचं एक गाव झालं. धाकट्याला पंक्तीत परत घेण्याचा वाद आपल्या इतिहासात आला. थोरल्यानं ज्यांच्याबरोबर गाव वसवलं त्यांची नावं आली नाहीत.

नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. 'ज्ञानोदय' १८४२ साली तिथंच सुरू झालं. मिस फरारबाईंची मुलींची शाळा तिथलीच; ती बघून आलेल्या जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ख्रिस्ती झाले नाहीत, पण मिशनचा दिवा घेऊन त्यांनी आपली चूल पेटवली. आणि १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो छापला 'ज्ञानोदय'नं. दुसऱ्या कोणत्या छापखान्यानं मांगाच्या पोरीचा मजकूर तेव्हा खिळ्यात बसवला असता? त्या पोरीनं देवालाच विचारलं की आमचा धर्म कोणता ते सांग. ती ख्रिस्ती नव्हती. पण प्रश्न तिचा होता, आणि येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब जे बोलले त्याच्या ऐंशी वर्षं आधीचा होता. मधल्या ऐंशी वर्षांत नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यात हजारो महार-मांगांनी आपापल्या परीनं या प्रश्नाचं उत्तर देऊन पाहिलं. त्यांचं उत्तर आपल्याला पटो न पटो, ते उत्तर होतं. ती आपल्याच इतिहासातली पानं आहेत.

आता 'नवा जन्म' म्हणजे काय, ते बघू. पाद्री म्हणायचा, जुना मनुष्य मेला, नवा झाला. आत्म्याचं काय झालं ते आत्म्याला ठाऊक. मी आजीला विचारलं, तुझ्या चुलत्याचं नेमकं काय बदललं? तिनं आत्मा-बित्मा काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "पह्यलं त्यानं मेल्यालं ढोर वढायचं सोडलं. मग त्याचं नाव बदाललं. आन् मग तो आइतवारी पाटलाकडं जाईना."

तिन्ही गोष्टी नीट बघा. मेलेलं ढोर ओढणं आणि खाणं बंद. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी हेच सांगितलं. काही वाड्यांनी ते आधीच एका वेगळ्या वाटेनं ऐकलं होतं. दुसरी गोष्ट नाव. धोंड्या, कचऱ्या, दगड्या, उकिरड्या. पोर जगावं म्हणून ठेवलेली नावं म्हणतात. पण तीच नावं हाकेला सोयीची असतात, तुच्छतेनं मारायच्या हाकेला. तो कचऱ्या शमुवेल झाला. गावानं त्याला शमुवेल म्हटलं नाही, 'म्हाराचा शाम्या' म्हटलं. तरी त्याच्या घरात, देवळात, वहीत तो शमुवेल होता. आडनाव तेच राहिलं, साळवे, गायकवाड, शिंदे. म्हणून आज आपल्याला एकमेकांची नाती लागतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. आइतवार. येसकरपाळीच्या माणसाचा दिवस त्याचा कधी नव्हताच. गावाचा होता, पाटलाचा होता, सरकारी कामदाराच्या घोड्याचा होता. कधी हाक येईल त्याचा भरवसा नाही. तो माणूस सांगतो, आज येणार नाही, आज प्रभूचा दिवस आहे. त्याला मार पडायचा तो धर्म बदलला म्हणून नव्हे. 'नाही' म्हटलं म्हणून. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यानं रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. नगरच्या एखाद्या महारवाड्यात ती सुट्टी कुणा एकट्यादुकट्यानं स्वतःच्या पाठीवर वळ घेऊन आधीच काढली होती. युनियन नाही, वर्गणी नाही. याला मी भाकरीसाठी बाटणं म्हणणार नाही.

आणि भाकरीचंच म्हणाल तर बोलूच. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा छप्पन्न्याचा. लोक मिशनच्या दारात गेले. हो, गेले. पोटासाठी गेले. मग? पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जायची, हजारो ब्राह्मण देशोदेशीचे रांगेत उभे राहायचे. त्यांना कुणी विचारलं का, की बाबा तुझी श्रद्धा खरी की दक्षिणा खरी? उपाशी माणसाच्या श्रद्धेची तपासणी फक्त आपल्याच दारात होते. अन्न देणाऱ्यानं अन्नाबरोबर पाटी-पेन्सिल दिली, आणि पोर वाचू लागलं. वाचता येणारं पोर मग गावाच्या कामाचं राहत नाही. हे गावाला पाद्र्याच्या आधी कळलं.

पण मी इथं मिशनची आरती ओवाळायला बसलेलो नाही. दुसरी बाजूही आपलीच आहे.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतराचा जो हिशोब मांडला तो त्यांच्या इंग्रजी लेखांत आहे. सरकारनं १९८९ साली काढलेल्या पाचव्या खंडात मिळेल, ज्याला जमेल त्यानं वाचावा. त्यांचा आरोप साधा आहे. मिशननं कॉलेजं आणि दवाखाने काढले, त्यांचा मोठा फायदा वरच्या जातींनी उचलला. ख्रिस्ती व्हायला मात्र गरीब अस्पृश्य आला. त्याला शिकवलं की तुझी दशा तुझ्या पापामुळे, आदामाच्या पापामुळे. मग तो ज्यानं त्याला गाडलं त्या व्यवस्थेशी भांडायचा सोडून स्वतःच्या पापाशी भांडत बसला. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर सांगितला, आणि त्याच तोंडानं ख्रिस्ती समाजाला सुनावलं की तुम्ही अन्यायाशी लढला नाहीत. हा हिशोब खोटा म्हणता येत नाही. शमुवेलनं एकट्यानं पाटलाला 'नाही' म्हटलं. पण शमुवेलच्या पोराला मिशनची नोकरी लागली आणि त्याचं 'जोहार मायबाप' सायबाच्या बंगल्यापुढं सुरू झालं. टिळकांसारखा माणूससुद्धा शेवटी मिशनच्या पगाराला कंटाळला, १९१७ साली पगार सोडून 'देवाचा दरबार' काढून बसला.

आणि जात. ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली नाही, तिला पोहता येतं. गोव्यात चारशे वर्षांनंतर बामण आणि चाड्डी ख्रिस्ती आहेतच. आपल्याकडं कशाला लांब जा, माझ्या आजीच्या त्या माहेरच्या घरानं मांग ख्रिस्ती सून केली नाही. प्रभूभोजनाला एक प्याला, सोयरिकीला दोन वाडे. पाद्र्यानं प्रवचन केलं, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि घरी जाऊन आपापल्या जातीत पोरी दिल्या. हे वाचून खूश होऊ नका. तुमच्या विहारात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या किती घरांत मातंगाची लेक सून म्हणून आली, ते बोटांवर मोजा. हात पुढे करा आणि मोजा.

कायद्याचं म्हणाल तर तो गंमतीशीर आहे. धर्म बदलला तरी वारसाहक्क जाऊ नये म्हणून इंग्रजांनी १८५० साली कायदा केला. चांगला कायदा. ज्याला वारसा होता त्याच्या कामाला आला. आपल्या माणसाचा वारसा म्हणजे येसकराची काठी. त्यानंतर शंभर वर्षांनी, १० ऑगस्ट १९५० रोजी, राष्ट्रपतींचा आदेश निघाला की हिंदूखेरीज दुसऱ्या धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये सगळ्या शीख दलितांना आत घेतलं. आपल्याला, बौद्धांना, १९९० साली घेतलं. चौतीस वर्षं बाहेर राहिल्याची आग आपल्याला माहीत आहे. ख्रिस्ती मात्र बाहेरच ठेवले.

मद्रासच्या रस्त्यावर सूसै नावाचा एक चांभार बसायचा. जातीनं आदिद्रविड, धर्मानं ख्रिस्ती. सरकारनं रस्त्यावरच्या अनुसूचित चांभारांना बसायला खोकी दिली, त्याला दिलं नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली निकाल लागला: धर्मांतरानंतरही त्याच जातीचा तोच जाच नव्या समाजात तितकाच राहतो, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणजे ऊन तेच, चप्पल तीच, रापी तीच. पुरावा मात्र चांभारानं आणायचा.

२०२२ च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग केंद्रानं या प्रश्नासाठी नेमला. तेव्हा बोळाच्या पलीकडची पोरं कागद शोधायला बसली. पणज्याच्या शाळेचा दाखला, जात महार. खाली मिशनच्या वहीचा उतारा, नाव बदललेलं, जात नाही. गावच्या जुन्या दप्तरात त्याच माणसाच्या नावावर येसकरीचा वाटा. अर्ज मराठीत चांगला लिहून देणारं कुणीतरी हवं होतं. आमच्या विहारात मी ते सांगितलं. तीस-पस्तीस जण होते. दोघं उठले.