वरची कोथिंबीर

भाजी घेऊन झाल्यावर पिशवीचं तोंड उघडंच धरून "वर चार काड्या कोथिंबीर टाका हो" असं न म्हणणारा मध्यमवर्गीय माणूस माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा 'बोनस' ही काय चीज आहे, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण भाच्यानं शिकवलंच.

ब्लॅक सबाथ या इंग्रज हेवी मेटल मंडळींच्या '13' नावाच्या अल्बमच्या दोन प्रती त्याच्याकडे दिसल्या.

"अरे, एकच अल्बम दोनदा?"

"मामा, एक कसा? या महागातल्या आवृत्तीत तीन बोनस ट्रॅक आहेत!"

म्हणजे चार काड्या कोथिंबिरीसाठी पावकिलो भेंडी पुन्हा विकत! वर अमेरिकेतल्या बेस्ट बाय या दुकानवाल्यांच्या प्रतीत म्हणे चौथंही गाणं होतं. मूळची आठ गाणी साधारण 53 मिनिटांची, आणि सीडीत सहज मावतात 74 मिनिटं. ती तिन्ही गाणी त्याच तबकडीत बसली असती, हे माझ्यासारख्या हिशेबनीसाच्या लगेच ध्यानात आलं. भाच्याच्या ध्यानात आलं असावं, पण भक्तानं असले हिशेब करायचे नसतात.

या युक्तीचा इतिहासही आहे. 1982 साली सीडी बाजारात आली, ती आधी जपानात. लाँगप्ले तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपायची. सीडीत जागाच जागा. मग रेकॉर्ड कंपन्यांनी अडगळीतली गाणी झटकून 'बोनस' म्हणून भरायला सुरुवात केली. जपानात तर स्थानिक सीडीपेक्षा परदेशाहून आलेलीच स्वस्त पडे. मग गिऱ्हाईक घरची घेणार कशाला? म्हणून घरच्या प्रतीत एखादं गाणं जास्त. व्यापार सगळीकडे सारखाच!

पण या बँडच्या बाबतीत एक गंमत आहे. यांचं नशीबच मुळी भरतीच्या गाण्यानं काढलं. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली ही चार पोरं. त्यांतला गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडं चिकटवलं आणि वाजवत राहिला.

1970 साली दुसऱ्या तबकडीचं ध्वनिमुद्रण होत आलं, तर भरायला थोडी जागा उरली. टाका काहीतरी, म्हणून अर्ध्या तासाच्या आत एक गाणं जुळवलं, 'पॅरानॉइड'. तबकडीचं नाव 'वॉर पिग्ज' ठेवायचं ठरलं होतं. ते बदलून या उपऱ्या गाण्याचं दिलं. ब्रिटनमध्ये गाणं चौथ्या क्रमांकावर गेलं आणि तबकडी पहिल्या. त्यानंतर तिथे पहिला क्रमांक मिळाला तो थेट 2013 साली, या '13' ला. मधे त्रेचाळीस वर्षं गेली. आणि '13' चं काम चालू असताना आयोमी कर्करोगावर उपचार घेत होता.

त्या ध्वनिमुद्रणातली आणखी चार उरलेली गाणी 2016 साली निरोपाच्या दौऱ्यात सीडी करून विकली. फेब्रुवारी 2017 मध्ये बर्मिंगहॅमलाच शेवटचा कार्यक्रम झाला. संपलं, असं सगळ्यांनी धरलं.

पण 5 जुलै 2025 ला मूळचे चौघे त्याच गावात पुन्हा एकत्र आले. '13' च्या वेळी कराराच्या भांडणामुळे बाहेर राहिलेला ड्रमवाला बिल वॉर्डही आला. गायक ऑझी ऑस्बोर्न पार्किन्सन्सनं इतका थकलेला, की सिंहासनावर बसूनच गायला. चारच गाणी झाली. शेवटचं कुठलं? तेच भरतीचं, 'पॅरानॉइड'. सतरा दिवसांनी, 22 जुलैला ऑझी गेला.

भाच्यानं त्या रात्री महागातली सीडी लावली. एरवी "अरे, जरा हळू!" म्हणून ओरडणारा मी दाराशी उभा राहिलो. तीन जादा गाणी संपेपर्यंत तो काही बोलला नाही.

"आणखी आहे का रे?" मी विचारलं.

"नाही मामा. आता नाही."

दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं न मागता वर कोथिंबीर टाकली. एरवी मी म्हणतो, "एवढीच?" त्या दिवशी मुकाट्यानं पिशवी उचलली.