बावटा कोणासाठी?



वादळाचा इशारा ही वस्तू आपल्या देशात कशी आली, हे सांगायचे तर कलकत्त्याच्या बंदरापासून सुरुवात करावी लागते. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी तेथे जे चक्रीवादळ झाले, त्यात सुमारे साठ हजार माणसे गेली. समुद्र हुगळीतून आत घुसला आणि नांगरलेली जहाजे एकमेकांवर आदळून फुटली. दुसऱ्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था झाली. मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले या आपल्या किनाऱ्याला ती १८८० साली मिळाली. मेली होती काठावरची गोरगरीब माणसे. व्यवस्था झाली ती जहाजांसाठी. यात कोणाचा दुष्टावा होता असे माझे म्हणणे नाही. तारायंत्र बंदरापर्यंत पोचले होते, जहाजाला धनी होता, मालाला विमा होता. खेड्यापाशी यांपैकी काहीच नव्हते.

विलायतेत फिट्झरॉय नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने १८६१ सालीच असे इशारे सुरू केले होते. तो १८६५ साली वारला आणि पुढच्या वर्षी विद्वानांच्या समितीने, याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे ठरवून ते बंद केले. पण दर्यावर्दी लोकांना ते हवे होते. बंदराबंदरांतून मागणी आली आणि १८६७ साली इशारे पुन्हा सुरू झाले. दहांतले चार अंदाज चुकले तरी उरलेल्या सहांत आपला जीव आहे, हा हिशेब त्यांना समजावून द्यावा लागला नाही.

बंदरातल्या खुणेत एक मोठा गुण होता. दिवसा काठीवर काळे शंकू, रात्री लाल-पांढरे दिवे. आमचा कोळी याला सरसकट ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणतो. तो कप्तानाला दिसे तसाच खलाशालाही दिसे. वाचता यावे लागत नसे, कोणाची परवानगीही लागत नसे.

नदीकाठच्या माणसाला असा बावटा कोणी उभारला नाही. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना पानशेत आठवत असेल. आंबी नदीवरचे ते मातीचे धरण अजून पुरे व्हायचे होते, तरी त्या पावसाळ्यात त्यात प्रथमच पाणी साठले. ११ जुलै १९६१ च्या रात्री बांध खचत असता जवान पावसात वाळूची पोती रचीत होते. त्यांच्या श्रमाने बांध सकाळपर्यंत टिकला. १२ तारखेच्या सकाळी तो फुटला, मागोमाग खडकवासल्याचाही गेला. लोंढा मध्यरात्री आला असता तर पेठांमधून काय उरले असते याची कल्पना करवत नाही. म्हणून त्या जवानांचे पुण्यावर फार मोठे ऋण आहे. परंतु पोती वाहून त्यांनी जे तास मिळवले, ते तास खाली शहरात कोणाच्या उपयोगी पडले? धरणावर सारी रात्र धावपळ आणि मुठेच्या काठावर माणसे निजलेली! धोका जाणणारे आणि धोक्यात असणारे यांच्यामध्ये थोडेच मैल होते, पण ते ओलांडणारा निरोप्या नव्हता.

पुढे साधने वाढली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३. तेव्हा ढगांतल्या हालचाली टिपणारे डॉप्लर रडार मुंबईत नव्हते. नंतर ते आले. २०२० सालापासून हवामान खाते आकस्मिक पुराची विशेष सूचनाही देते. जमीन आधीच किती भिजली आहे आणि आणखी किती पाऊस ती पिऊ शकेल, याचा हिशेब मांडून कोणत्या खोऱ्यात येत्या सहा तासांत लोंढा येईल, हे त्यात सांगतात. ही विद्या खरोखर कौतुकाची आहे.

पण युनियनच्या कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला दुसराच प्रश्न सुचतो. लाल इशारा निघाला की शाळांना सुट्टी मिळते, पगारदार घरी बसतो. रोजंदारीवाल्याला ती सुट्टी म्हणजे खाडा. भाजीवाली, हमाल, बांधकामावरचा मजूर यांनी इशारा पाळायचा तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? कायद्याच्या पुस्तकांत मी याचे उत्तर पुष्कळ शोधले आहे. बंदरात बावटा चढला की होडी काठावर राहते, पण होडीवाल्याची चूलही त्या दिवशी थंड राहते, हे १८८० पासून कोणी टिपून ठेवलेले नाही.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठा पुन्हा चढली. खडकवासल्याचा विसर्ग रात्रीतून वाढून ३५ हजार क्युसेकांवर गेला होता. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे झाले ते घरात पाणी आल्यावर. वेळेवर सूचना मिळाली नाही, ही त्यांची तक्रार होती. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत मात्र तीन माणसे पाणी येण्याआधीच जागी होती. नदीकाठची आपली खाद्यपदार्थांची हातगाडी वाचवायला ती गेली होती. गाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघेही मेले.