सायकल तरीत घालून

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कोकणातल्या सायकल सहलीचं वर्णन कधी टाकणार, असं दोघातिघांनी विचारलं होतं, पुण्याच्या मावशीने तर फोन करून. लिहायला बसलोही होतो, पण वर्णन राहिलं बाजूला आणि मी भलतीकडेच गेलो. त्याला कारण आमचे अण्णा.

झालं असं की डिसेंबरात मी आणि दोन मित्र मुंबई ते रत्नागिरी समुद्राकाठाने सायकलवर गेलो. नंतर शिरड शहापूरला घरी गेलो तेव्हा अण्णांना फोटो दाखवत होतो. एका फोटोत आमच्या तिन्ही सायकली फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभ्या, शेजारी एक टेम्पो, मागे दाभोळची खाडी. अण्णांनी चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला आणि म्हणाले, "मंजे सगळा रस्ता सायकलीनं नाही गेलास तू. मधी होडीत बसलास."

"अण्णा, खाडी आहे ना ती. सायकल पाण्यावर कशी चालवू?"

"ते खरं. पण मग सायकलीवर गेलो असं कसं म्हणायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री गच्चीवर पडल्यापडल्या डोक्यात तेच. परत आल्यावर जुनी पुस्तकं चाळली, आणि हा लेख त्यातूनच निघालाय. सहलीतल्या खाण्यापिण्याबद्दल वाचायला आलेल्यांनी माफ करावं.

आधी नकाशा. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला कोकण म्हणजे एक सरळ किनारा वाटतो. प्रत्यक्षात सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी तिथे समुद्राला भेटताना रुंद होऊन बसते. मुरूडच्या पुढे राजपुरीची खाडी, हरिहरेश्वरच्या खाली सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. पलीकडचं गाव समोर दिसतं, बांगेचा आवाजसुद्धा ऐकू येतो, पण रस्त्याने जायचं तर खाडीच्या काठाकाठाने आत आत जावं लागतं. सावित्रीला आंबेत-म्हाप्रळपर्यंत, वाशिष्ठीला पार चिपळूणकडे. मोटारवाल्याचा त्यात अर्धा दिवस जातो, सायकलवाल्याचा सबंध दिवस. म्हणून तर. (‘तर’ म्हणजे पलीकडे नेणारी होडी. मला हा शब्द अण्णांमुळेच माहीत, त्याचं पुढे सांगतो.)

ही तर फार जुनी गोष्ट आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात 1868 साली तरींसाठी वेगळा कायदाच केला. कुठली तर सरकारी, उतारूमागे आणि जनावरामागे किती घ्यायचं, मक्ता कुणाला द्यायचा, सगळं त्यात. सायकल तेव्हा आपल्याकडे यायची होती, त्यामुळे त्या यादीत बैलगाडी असणार, घोडा असणार, सायकल नाही.

घोड्यावरून आठवलं. वाहन होडीत घालून कोकणात आलेला एक प्रवासी मला फार आवडतो. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी. वास्को द गामाच्या पंचवीस-तीस वर्षं आधी, 1470च्या सुमारास, तो जहाजातून चौलला उतरला, सोबत विकण्यासाठी आणलेला एक घोडा. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून अट घातली. कुणीतरी मध्यस्थी केल्यावर घोडा परत मिळाला, आणि पुढे त्याने तो बिदरला विकला. बिदर! नांदेड-देगलूर रस्त्याने आपण जातो तेच. तेव्हा आपला मुलूखही बहमनी राज्यात होता. परतीला निकितिन दाभोळहून जहाजात बसला, होर्मुझकडे. म्हणजे आम्ही चौल ते दाभोळ गेलो, तोही चौलला उतरला आणि दाभोळला चढला, फक्त मधे त्याने बिदरचा केवढा तरी वळसा घेतला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आम्ही तिथे थांबून केळी खाल्ली.

आता अण्णांचा प्रश्न. सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांनी समुद्राचं काय केलं? थॉमस स्टीव्हन्स हा पहिला. 1884 ते 1886, तीही पुढचं चाक डोक्याएवढं असलेल्या सायकलवर. अफगाणिस्तानातून जाऊ दिलं नाही तेव्हा गडी माघारी फिरला, कॉन्स्टँटिनोपलहून आगबोटीने कराचीला आला, तिथून रेल्वेने लाहोर, आणि मग पुन्हा सायकल, थेट कलकत्त्यापर्यंत. तिथून परत आगबोट.

आणि आपल्या मुंबईची पोरं! 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले. चार वर्षं पाच महिन्यांनी, 18 मार्च 1928ला, तिघे परत आले : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. बाकीचे तिघे वाटेत एकेक करून गळाले. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश. सुमारे 71 हजार किलोमीटर. त्यांनाही भूमध्य समुद्र आणि दोन्ही महासागर जहाजानेच ओलांडावे लागले. पण त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ असंच आहे, त्यात जहाज कुठे आलं नाही! हे मी अण्णांना फोनवर सांगितलं. ते "हं" एवढंच म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ मुद्दा मान्य पण हार नाही.

कोकणातल्या माणसाला मात्र हा प्रश्न कधी पडला नसावा. बोट हाच त्याचा रस्ता होता. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली जायची. पुष्कळ ठिकाणी धक्काच नाही, म्हणून बोट दूर उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या किनाऱ्यावर. पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद. मुंबईच्या चाकरमान्यांची सगळी सुट्टी या वेळापत्रकावर ठरायची.

या बोटींपैकी काहींना संतांची नावं होती. त्यातलंच एक नाव ‘रामदास’. समर्थांचं जन्मगाव जांब आपल्या जालना जिल्ह्यात, समुद्रापासून किती लांब! 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ रेवसला निघाली, सणाला घरी जाणाऱ्या माणसांनी भरलेली. भर पावसात मुंबईच्या तोंडाशीच, काशाच्या खडकाजवळ, बोट कलंडली. सुमारे सातशे माणसं गेली. रेवस-मांडव्याकडच्या कोळ्यांनी जमतील तेवढ्यांना वाचवलं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे कितीतरी तास मुंबईला पत्ताच नव्हता. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं (आपल्याला त्यासाठी आणखी वर्षभर थांबायचं होतं, तो भाग वेगळा).

आम्ही भाऊच्या धक्क्यावरूनच निघालो. 2020च्या मार्चपासून तिथून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते, गाड्यांसकट. वातानुकूलित बैठका, वडापाव, सेल्फी. बाहेर उभा राहून मी पाण्याकडे बघत होतो. सोबतचे मित्र हसत होते, त्यांना मी काही बोललो नाही.

खाडीतल्या फेरीबोटी त्यापेक्षा साध्या. दाभोळ-धोपावे ही 2003 साली सुरू झाली, मग इतर खाड्यांवरही आल्या. त्याआधी मचव्यात सायकल आडवी टाकून न्यायची. आता फळी खाली पडते, ट्रक उतरतो, आपण मागोमाग पॅडल मारत आत. दहापंधरा मिनिटं बसायला मिळतं, मांड्यांना आराम. दिवसभरात मला सगळ्यात आवडणारा वेळ तोच. चढावर मागे पडलेला मित्र जेट्टीवर गाठतो, कारण बोट आपल्यासाठी थांबत नाही आणि आपल्यालाही तिच्याआधी जाता येत नाही.

हे सगळं आता जाणार आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना अंतुले यांच्या काळापासूनची, 1980च्या आसपासची. चाळीस वर्षं ती रेंगाळली. बाणकोटच्या खाडीवर तर पुलाचं काम सुरू होऊन मध्येच थांबलं. आता मात्र या सगळ्या खाड्यांवर पूल घ्यायचं ठरलंय. मला वाईट वाटलं हे खरं. पण वेसवीच्या जेट्टीवर एक बाई कडेवर तापाने फणफणलेलं मूल घेऊन बोटीची वाट बघत उभी होती. पलीकडून बोट निघायला अजून वेळ होता. तिच्याकडे बघून पुलाच्या विरोधात काही बोलायची माझी छाती झाली नाही. सुट्टीत आलेल्या माणसाची आवड आणि तिथे राहणाऱ्याची गरज, यात मत कुणाचं चालावं हे सांगायला नको.

असो. अण्णांचं राहिलंच.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा फोन. इकडचं तिकडचं झालं, हळदीच्या भावाचं झालं, आणि एकदम म्हणाले, "मी पण नेलेली सायकल होडीत." साठच्या दशकातली गोष्ट. परभणीला शिकायला जायचं तर मधे पूर्णा. उन्हाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन उतारातून जायचे, पावसाळ्यात तर. नावाडी विद्यार्थ्यांकडून पैसे घेत नसे, सुगीला आजोबा त्याला जवारी द्यायचे. एकदा नदी चढलेली. नाव मधोमध हेलकावली आणि नावाडी ओरडला, सायकल टाका. अण्णांनी टाकली नाही. आजोबांनी ती उसनवारीने घेतली होती. दोन्ही हातांनी चाक धरून ते नावेच्या तळाशी बसून राहिले. वर आल्यावर नावाड्याने पहिली थोबाडीत मारली, आणि मग चहा पाजला.

हे आम्हा भावंडांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ताई, तुला तरी होतं का?

मी विचारलं, "मग तुम्ही परभणीला सायकलवर गेलात असंच सांगायचात ना सगळ्यांना?"

बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "त्या दाभोळच्या बोटीत सायकलीचं तिकीट किती घेतात?"

मार्चमधलं नांदेड-मुंबई तपोवनचं आरक्षण काल केलं. दोन माणसं. त्यांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. सायकल सोबत न्यायची का, यावर घरात वाद चालू आहे.