खोक्यातला खर्ज

१ नोव्हेंबर १९५४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एक अजब मैफल झाली. जवळजवळ तीन हजार आसनांच्या त्या सभागृहात लोक तिकिटे काढून आले होते, आणि आले होते ते घरात ठेवायचे स्पीकर ऐकायला. मैफलीचे सूत्रधार होते गिल्बर्ट ब्रिग्ज नावाचे साठी उलटलेले यॉर्कशायरी गृहस्थ. अॅम्प्लिफायर होते पीटर वॉकर यांच्या ‘क्वाड’चे. पुढच्या वर्षी ब्रिग्ज हाच खेळ घेऊन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गेले. प्रत्यक्ष वाजणारे वाद्य आणि त्याचे ध्वनिमुद्रण एकाच रंगमंचावर शेजारी शेजारी ऐकवायचे, हे धाडस त्यांनी या कार्यक्रमांतून केले.

ब्रिग्ज इंजिनियर नव्हते. अर्धे आयुष्य त्यांनी ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यात घालवले होते. मंदीने तो धंदा बसला, तेव्हा १९३२ मध्ये त्यांनी इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला सुरुवात केली. गाव व्हार्फ नदीच्या खोऱ्यातले, म्हणून कारखान्याचे नाव व्हार्फडेल. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची मोठी कामगिरी कारखाना ही नव्हे. १९४८ मध्ये त्यांनी ‘लाउडस्पीकर्स’ नावाचे छोटे पुस्तक स्वतःच छापून काढले. बोलता बोलता कोपरखळी मारणाऱ्या भाषेत लिहिलेले हे पुस्तक, घरी हातोडी-करवत बाळगणाऱ्या माणसासाठी होते. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये तयार रेडिओ-ग्रामोफोनवर जबर खरेदीकर होता आणि सैन्यात रेडिओचे काम शिकून आलेले तरुण घरोघरी होते. असा वाचक मिळाल्यावर पुस्तक खपले नसते तरच नवल.

ब्रिग्ज सांगत : खोके थरथरता कामा नये. म्हणून दोन प्लायवुडच्या मध्ये कोरडी वाळू भरा. जमत असेल तर खोलीच्या कोपऱ्यात चक्क विटांचे बांधकाम करून त्यावर स्पीकर बसवा. हे सल्ले उपयोगी होते, आजही आहेत. मात्र खोके किती मोठे असावे, हा प्रश्न विचारला की ब्रिग्जच काय, त्या काळातला कुणीही जाणकार थोडा चाचरत असे. उत्तर अनुभवाचे असे, नाहीतर ‘मोठे असेल तितके बरे’ असे.

मुळात खोके लागतेच कशाला? आपण आज वापरतो तो स्पीकर, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदाचा शंकू, १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्याआधी कर्ण्यांचा जमाना होता. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. तार स्वरांना याचे फारसे काही वाटत नाही. खर्जाची मात्र दैना होते. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला वाजते. त्या लहरीची लांबी जवळजवळ पाच मीटर. आठ इंची शंकूच्या कडेवरून वळसा घालून मागची लहर पुढे यायला तिला काहीच वेळ लागत नाही आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर खर्ज ऐकूच येत नाही, तो यामुळे.

यावर साधा उपाय म्हणजे भली मोठी फळी. ती परवडत नाही म्हणून मग बंद खोके. आणि तिसरा उपाय म्हणजे मागची लहर वाया न घालवता कामाला लावणे. बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांनी १९३२ मध्ये याचे पेटंट मिळवले. खोक्याला एक भोक किंवा नळी ठेवायची. घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा एक ठरावीक सूर उमटतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात अशाच पोकळ भांड्यांच्या साहाय्याने सुरांचे पृथक्करण केले होते. नळीचे खोके ही तशीच घागर. तिचा सूर योग्य जागी लावला तर शंकू थकतो तिथे नळी गाऊ लागते. योग्य जागी लावला नाही, तर एकच सूर घुमत राहतो आणि मृदंग, चेलो, मोटारीचा हॉर्न सगळ्यांना तोच ढबढबीत रंग चढतो. घरी केलेल्या खोक्यांत दुसरा प्रकारच अधिक होई. इंग्रजीत अशा खोक्यांना टोमणा मारणारे शब्द तयार झाले आणि पुष्कळांनी नळीचा नादच सोडला.

उंच खांबासारख्या स्पीकरचा, ज्याला आज टॉवर म्हणतात, एक पूर्वज याच दशकातला आहे. पेनाचे टोपण ओठाला लावून फुंकले तर शिट्टी वाजते. एका टोकाला बंद असलेली नळी आपल्या लांबीच्या चौपट लांब लहरीला साद देते. लंडनच्या पॉल फोइग्ट यांनी या तत्त्वावर निमुळती नळी बनवली. ४० हर्ट्झपर्यंत जायचे तर सरळ नळी दोन मीटरहून लांब हवी, म्हणून तिला घडी घालून उभी करायची. घरगुती सुतारांमध्ये फोइग्टची नळी अजून टिकून आहे.

तरीही १९५० च्या दशकात मोठेपणाचा मान कोपऱ्यात बसणाऱ्या अवाढव्य पेट्यांनाच होता. तो मोडला स्टिरिओने. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि घरात एकाऐवजी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली. एक कपाटाएवढे धूड बायकोने कसेबसे खपवून घेतले होते, दुसऱ्याला जागाच नव्हती. शिवाय दोन कोपरे रिकामे असलेली खोली किती जणांकडे असते? त्याआधी चार वर्षे एडगर विल्चर यांनी अमेरिकेत बंद खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून लहान पेटीत खोल खर्ज आणला होता, पण त्याला ताकदवान अॅम्प्लिफायर लागे. दुसरी वाट उभी होती. खोके अरुंद करायचे आणि गमावलेली जागा उंचीत भरून काढायची. छोटा स्पीकर ठेवायला स्टँड लागतोच आणि स्टँडखालची हवा फुकट जाते. टॉवरमध्ये तीच हवा कामाला लागते, जमीन तेवढीच अडते आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येतो.

आता खोक्याच्या हिशेबाकडे येतो, कारण या इतिहासातली खरी घडामोड तीच आहे आणि ती लंडन-न्यूयॉर्कमध्ये झाली नाही. नेव्हिल थील हे ऑस्ट्रेलियातल्या ईएमआय कंपनीत इंजिनियर होते आणि त्यांचे काम दूरचित्रवाणीचे होते. विद्युत-मंडलांतल्या चाळण्या, म्हणजे फिल्टर, त्यांना तोंडपाठ. टेलिफोनच्या गरजेपोटी या चाळण्यांचे गणित आधीच पक्के झाले होते. स्टीफन बटरवर्थ यांचा निबंध १९३० चा. थील यांनी पाहिले की नळी असलेल्या खोक्यातला स्पीकर ही दुसरी तिसरी काही वस्तू नसून एक चाळणीच आहे, खालचे स्वर अडवणारी आणि वरचे जाऊ देणारी. जेम्स नोव्हाक यांचा १९५९ चा निबंध त्यांच्यासमोर होता, पण पुढचे पाऊल थील यांचे. खोके हे चाळणी असेल तर चाळणीचे तयार गणित त्याला लागू पडते. घडवून, ऐकून, पुन्हा करवत चालवण्याची गरज नाही. हवा तो परिणाम आधी ठरवायचा आणि त्यावरून उलट खोके काढायचे. त्यांनी २८ रचनांचा तक्ताच दिला.

ऑगस्ट १९६१ मध्ये हा निबंध ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ इंजिनियरांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला आणि जवळजवळ दहा वर्षे तिथेच राहिला. त्या नियतकालिकाचा वाचक मोजका. जगभरचे सुतार आणि बहुतेक कारखानेही या दशकात अंदाजानेच नळ्या कापत राहिले. रिचर्ड स्मॉल हा अमेरिकन तरुण सिडनी विद्यापीठात संशोधन करत होता. त्याने थील यांचे काम हाती घेऊन बंद खोकी, नळीची खोकी सगळ्यांना एकाच चौकटीत बसवले. १९७१ मध्ये थील यांचा निबंध अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने पुन्हा छापला, पाठोपाठ १९७२-७३ मध्ये स्मॉल यांची लेखमाला तिथेच आली, आणि दोघांची नावे कायमची जोडली गेली.

या गणिताला स्पीकरचे मुख्यतः तीन आकडे पुरतात. मोकळा शंकू आपसूक कोणत्या वारंवारतेला डोलतो हा पहिला. चुंबक त्याला किती आवरून धरतो हा दुसरा. शंकूच्या स्प्रिंगइतकी लवचीक असणारी हवा किती लिटर भरेल हा तिसरा. तिन्ही घरी मोजता येतात : एक सिग्नल जनरेटर, एक हजार ओहमचा रोध, साधा व्होल्टमीटर. तिसऱ्या आकड्यासाठी शंकूवर थोडे ज्ञात वजन ठेवून त्याचा डोल किती मंदावतो ते पाहायचे. अमेरिकन मंडळी त्यासाठी नाणी ठेवतात. आपल्याकडे तसे करू नये, आपली सध्याची पोलादी नाणी चुंबकाकडे ओढली जातात. मातीची गोळी बरी.

एक उदाहरण घेऊ. १८ मिलिमीटरच्या फळीचा, बाहेरून १ मीटर उंच, २२ सेंटीमीटर रुंद आणि ३२ सेंटीमीटर खोल टॉवर आतून सुमारे ५० लिटरचा होतो. हिशेबात त्याचा सूर ३५ हर्ट्झला लावायचा ठरला, तर साडेसात सेंटीमीटर व्यासाची नळी साधारण १६ सेंटीमीटर लांब कापावी लागते. पावसाच्या पाण्यासाठी वापरतात तो पीव्हीसी पाइप चालतो. ज्या आकड्यासाठी ब्रिग्जच्या वाचकांनी कित्येक रविवार घालवले, तो असा पाच मिनिटांत निघतो. थील यांच्या निबंधाने कारखानदाराची गुपिते फोडली असे मी म्हणणार नाही, कारण खर्जाबाबत कारखानदाराकडेही फारशी गुपिते नव्हती. पण तिथून पुढे घरच्या सुताराला आणि कंपनीच्या इंजिनियरला खर्जाचा एकच हिशेब मिळाला, हे खरे.

हा हिशेब खर्जापुरता आहे, हे मात्र उत्साहात विसरले जाते. वरचाच टॉवर घ्या. त्याच्या आतल्या ९६ सेंटीमीटर उंचीत १७८ हर्ट्झच्या आसपास एक उभी लहर ठाण मांडते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या गंधार-मध्यमाच्या मध्ये ती पडते. थील यांच्या तक्त्यात तिचा पत्ता नाही, कारण त्या तक्त्याला खोक्याचे लिटर कळतात, आकार कळत नाही. उंच खोक्याचा हा खास दोष. मोठा शंकू टोकाला न बसवता उंचीत थोडा आत घेणे, आत लोकर किंवा काचलोकर भरणे, हे त्यावरचे उपाय. भिंतींच्या थरथरीबद्दल तर तज्ज्ञांतच दुमत. ब्रिग्जची वाळू आणि विटा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बीबीसीच्या संशोधन विभागातले हारवुड आणि मॅथ्यूज. त्यांनी १९७७ च्या अहवालात जाड भिंतीपेक्षा पातळ प्लायवुडला डांबरी थर लावणे पसंत केले : भिंत थरथरू द्या, पण ती थरथर लवकर मरू द्या आणि कानाला कमी खुपेल अशा जागी सरकू द्या. दोन्ही पंथांचे स्पीकर उत्तम वाजतात, त्यामुळे वाद मिटत नाही.

वूफर आणि ट्वीटर यांच्यात स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर ही त्याहून अवघड गोष्ट. झिगफ्रीड लिंकविट्झ यांचा त्यावरचा महत्त्वाचा निबंध १९७६ चा. लिंकविट्झ पोटापाण्यासाठी ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची यंत्रे करत, स्पीकर हा त्यांचा घरचा उद्योग.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत स्पीकर घ्यायला गेले की दुकानदार आधी वॉट विचारतो. पुष्कळशा देशी स्पीकरच्या मागे ओहम आणि वॉट एवढेच छापलेले असते. ओहम अॅम्प्लिफायरसाठी हवेत. वॉटवरून स्पीकर किती सोसेल एवढे कळते. खोके किती लिटरचे करावे हे त्यावरून कळायला काही मार्ग नाही. थील आणि स्मॉल यांचे ते तीन आकडे मागितले तर बहुधा ‘साहेब, बेस एकदम भारी आहे’ हे उत्तर मिळते. तेव्हा स्पीकर घरी आणायचा, दोरीने उलटसुलट टांगायचा नाही, भिंतीपासून दूर हवेत घट्ट धरून ठेवायचा, मातीची गोळी वजन करून घ्यायची आणि रात्री शेजारचे टीव्ही बंद झाल्यावर मोजायला बसायचे. सुताराला माप त्यानंतर द्यायचे.