रकाना एकच, कारणे दोन

श्रोतेहो, आपल्या नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्या काळी अशा रुग्णालयांच्या नोंदवहीत वेडाच्या कारणासाठी एक रकाना असे. रुग्णाला आणून सोडणारे बहुधा पोलीस. त्यांनी कागदावर 'गांजा' लिहिले, की तेच रकान्यात उतरे.

१८९३ साली सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने देशभरच्या १८९२ सालच्या नोंदी तपासल्या. गांजा-भांगेच्या माथी मारलेले रुग्ण होते २२२. चौकशीअंती टिकले ९८, आणि त्यांतही कित्येकांच्या बाबतीत दुसरे कारण जोडीला होतेच. मन आधी बिघडते आणि मग माणूस नशेकडे वळतो, असेही घडते, हे आयोगाने ओळखले. परंतु ते मन कशाने मोडले? दुष्काळाने, लढाईने, की घरच्या मारहाणीने? त्यासाठी रकाना नव्हता.

व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मनोवैद्यांनी या जखमेला अधिकृत नाव दिले. आपण तिला आघातोत्तर ताणविकार म्हणतो. तरीही पुष्कळ दिवस रीत अशी होती, की आधी दारू सोडा, मग दुःखाचे बोलू. पण जो झोपेसाठी पितो, त्याची दारू सुटताच जुने भय रात्री उशाशी येऊन बसते, आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. म्हणून आता दोहोंवर एकत्र उपचार करण्याकडे वैद्यकाचा कल आहे. २०१७ च्या आपल्या कायद्यानेही व्यसनाशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारांत स्थान दिले आहे.

रुग्णालयाची वही बदलली. आपल्या घरातली बदलली का? 'कधीपासून पितोस?' या प्रश्नाआधी 'झोप का लागत नाही?' एवढे तरी विचारावे.