नसबंदी 'बायकांची' कधी झाली?

आज सुरुवात दोन आकड्यांनी करतो. ३७.९ आणि ०.३.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. आणि ज्यांच्या नवऱ्याची झाली होती अशा? ०.३ टक्के. हजारात तीन. महाराष्ट्रात तर बायकांचा आकडा निम्म्याच्या आसपास जातो, पुरुषांचा मात्र एक टक्काही होत नाही. घरी विचारून बघा, 'ऑपरेशन' कुणाचं झालं? आई, मावशी, काकू. बाबांचं नाव क्वचितच निघेल.

आपल्याला वाटतं, हे पूर्वीपासून असंच असणार. पुरुष कशाला तयार होतील! पण जुने सरकारी आकडे काढले की गंमत दिसते. १९६६-६७ साली देशात जेवढ्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या दहापैकी जवळपास नऊ पुरुषांच्या होत्या. हो, पुरुषांच्या.

कारण साधं आहे. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत पोट उघडायला लागत नाही. शुक्रवाहिनी त्वचेच्या अगदी खाली असते, ती कापून बांधायची की झालं. त्या काळी बाईची शस्त्रक्रिया म्हणजे पोटावर छेद आणि दवाखान्यात मुक्काम. १९६८ मध्ये 'निरोध'ही आला, १५ पैशांना तीन. चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या साखळीतून तो गावोगावच्या दुकानांत पोचला. (र. धों. कर्व्यांनी तर १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यांच्यावर वेगळा भाग करायचाय.)

मग शिबिरं आली. केरळमध्ये एर्नाकुलमला जुलै १९७१ मध्ये एकाच महिन्यात सुमारे ६३ हजार पुरुषांची नसबंदी झाली. मंडप, मिरवणुका, रोख पैसे, भेटवस्तू, पार जत्रेचं वातावरण. लोक आपणहून आले की पैशासाठी, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला त्यातली 'टार्गेट'ची भाषा खटकते. आयटीत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको, आकडा हेच ध्येय झालं की खालचे लोक आकडा कसाही भरून देतात.

आणीबाणीत नेमकं तेच झालं. एप्रिल १९७६ मध्ये आरोग्यमंत्री करण सिंह यांनी लोकसंख्या धोरण जाहीर केलं. राज्यांना सक्तीचा कायदा करायचा असेल तर केंद्र आडवं येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. आणि तसं विधेयक मंजूर करणारं राज्य कोणतं? आपलं महाराष्ट्र. तीन मुलं झाली की नसबंदी सक्तीची! राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते लागू झालं नाही, एवढंच.

पण उत्तर भारतात कायद्याची वाट कुणी पाहिली नाही. शिक्षकांना 'केसेस' आणायचा कोटा, नाही भरला तर पगार अडकला. हरियाणातल्या उटावर गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये रात्री पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना उचलून नेलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यात जवळपास ६२ लाख पुरुषांच्या. नंतर शाह आयोगाने नोंदवलं की नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यू झाले, आणि ५४८ तक्रारी अविवाहितांच्या नसबंदीच्या होत्या.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडलं. पुढच्या वर्षी पुरुषांच्या नसबंदीचा आकडा दोन लाखांच्याही खाली आला. ६२ लाखांवरून! 'कुटुंब नियोजन' खात्याचं नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झालं. पुरुषांची नसबंदी हा विषय राजकारण्यांसाठी करंट लागणारी वायर झाला.

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चूक सक्तीची होती, पण काढून टाकला तो पुरुष. सक्ती तशीच राहिली, फक्त हळू आवाजात, आणि तिचं तोंड बायकांकडे वळलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग ठेवला आणि युजर बदलला. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं तंत्र आल्यावर बायकांची शिबिरंही झटपट उरकता यायला लागली. टार्गेट भरायचंच होतं, आणि बायका मतपेटीतून राग काढतील अशी भीती कुणाला वाटली नाही.

त्याचं टोक छत्तीसगडमध्ये दिसलं. नोव्हेंबर २०१४, बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशन्स झाली. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

दरम्यान पुरुषांची शस्त्रक्रिया आणखी सोपी झाली होती. चीनमध्ये १९७४ मध्ये ली शुनच्यांग यांनी बिनटाक्याची पद्धत काढली. सुन्न करायचं इंजेक्शन, एक बारीक छिद्र, त्याच दिवशी घरी. 'ताकद जाते' हा गैरसमज अजून आहे, पण हार्मोन्स रक्तातून जातात, त्या नळीतून नाही. फक्त लगेच भरवसा ठेवायचा नाही. साधारण तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आले की मगच ते थांबवायचं. आणि ही शस्त्रक्रिया कायमचीच समजून निर्णय घ्यायचा.

कायमचं नको असेल तर पुरुषाकडे पर्याय काय? कंडोम. बस. आयआयटी खरगपूरचे सुजय गुहा १९७० च्या दशकापासून एका इंजेक्शनवर काम करत आलेत, त्या नळीत पॉलिमर सोडायचं आणि शुक्राणू निकामी करायचे. ३०३ पुरुषांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, गर्भधारणा रोखण्यात ९९ टक्के यश. पहिला शोधनिबंध १९७९ चा होता. मध्ये ४४ वर्षं गेली. बायकांच्या गोळीला प्रयोगशाळेतून दुकानात यायला दहा-एक वर्षं पुरली होती.

त्याच पाचव्या सर्वेक्षणात पुरुषांना विचारलं होतं, गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे का? ३५ टक्के पुरुष हो म्हणाले. उरलेले ६५ टक्के हो म्हणाले नाहीत. पण त्या ०.३ मध्येही ते दिसत नाहीत.