एकेक अक्षर आणि वाचनाचा शेवट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते या शाळेत गणित शिकवीत असत, आणि मी त्यांच्या वर्गातील गणितात कच्चा असा विद्यार्थी होतो. पुढे हस्तलिखित पोथ्यांवर प्रबंध लिहिला, मराठीचा प्राध्यापक झालो आणि याच इंदूर शहरात निवृत्तही झालो. अशा माणसाने संगणकाच्या ‘सी’ या भाषेवर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर उतरविण्याचे काम हाती घेतले आहे. पहिली छापील यादी तपासण्यासाठी माझ्याकडे आली. राम, केशव, वामन, गोविंद ही नावे ठीक होती. परंतु मधुसूदनाचा ‘मधुसूद’ झाला होता, विश्वनाथाचा ‘विश्वन’, आणि ज्ञानेश्वराचा नुसता ‘ज्ञाने’. प्रत्येक तुटलेल्या नावापुढे एक रिकामी चौकट उमटली होती. ज्या तरुणाने ही आज्ञावली लिहिली तो म्हणाला, “सर, नावाला वीस अक्षरांची जागा ठेवली होती. तेवढी पुरेल असे वाटले.” मी बोटांवर मोजले : ज्ञा, ने, श्व, र. अक्षरे चार. मग वीस अक्षरांच्या जागेत चार अक्षरे मावत नाहीत, हे कसे? त्यानंतर काही संध्याकाळी मी त्याच्यापाशी बसून जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे मांडीत आहे.

‘सी’ ही भाषा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत, प्रामुख्याने १९६९ ते १९७३ या काळात घडली. तिचे कर्ते डेनिस रिची. तिच्या आधी त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी ‘बी’ नावाची भाषा रचली होती. ‘बी’मध्ये वस्तूंचे प्रकारच नव्हते, यंत्राच्या स्मृतीतील ठरावीक मापाचा एक कप्पा, एवढेच तिला ठाऊक होते. अक्षर त्या कप्प्याहून लहान. म्हणून मजकूर हाताळताना अक्षरे कप्प्यांतून सुटी करावयाची आणि पुन्हा बांधावयाची, असा खटाटोप करावा लागे. १९७० साली तेथे पी.डी.पी.-११ हे नवे यंत्र आले. त्यात आठ बिटांच्या लहान घराला, म्हणजे बाइटला, स्वतःचा पत्ता होता. या घराचा उपयोग करून घेण्यासाठी भाषेत ‘चार’ हा वेगळा प्रकार आला. हे ‘चार’ म्हणजे इंग्रजी ‘कॅरेक्टर’चे लघुरूप. ‘बी’ची ‘सी’ होण्याची जी कारणे पुढे रिचींनी स्वतः नोंदविली, त्यांत अक्षरांची ही अडचण आहे.

या भाषेत मजकूर वाचण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे ‘गेटचार’. त्याला एकदा हाक मारली की प्रवाहातील पुढचे एक चिन्ह तो हाती देतो; पुन्हा हाक मारली की त्यापुढचे. चिन्हे कळफलकावरून येतात, साठविलेल्या मजकुरातून येतात की दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीकडून येतात, याची वाचणाऱ्याला चौकशी करावी लागत नाही.

परंतु एक प्रश्न उरतो. मजकूर संपला, हे वाचणाऱ्याला कळावे कसे? १९७४ साली ब्रायन कर्निहन यांनी ‘सी’ शिकविणारी एक पुस्तिका लिहिली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे मजकूर संपला की गेटचार शून्य हे चिन्ह परत देत असे. हे सोयीचे होते, तथापि निर्दोष नव्हते. शून्य हेही एक चिन्हच आहे. ते मजकुराच्या मध्येच आले, तर तोच शेवट समजून वाचन थांबावयाचे. १९७८ साली कर्निहन आणि रिची यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले, त्यात वेगळी रीत दिसते. शेवटाची खूण, ‘ई.ओ.एफ.’, ही कोणत्याही चिन्हाची किंमत नसलेली अशी घेतली आहे. बहुधा ती उणे एक असते. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील ग्रंथालयानेही हीच रीत चालविली.

तिचा एक परिणाम नवशिक्यांना आजही चकवितो. एका बाइटमध्ये ० ते २५५ अशा २५६ किमती मावतात. त्यांत शेवटाची खूण मिळविली की २५७ गोष्टी होतात, आणि त्या ‘चार’च्या घरात मावत नाहीत. म्हणून गेटचार जे देतो ते मोठ्या, ‘इंट’ नावाच्या घरात ठेवावे लागते. ते ‘चार’मध्ये ठेवले, तर काही यंत्रांवर २५५ हे चिन्ह येताच मजकूर संपल्याचा भास होतो, आणि काही यंत्रांवर मजकूर संपूनही वाचन कधी थांबतच नाही.

पोथ्या वाचणाऱ्याला हा प्रश्न अपरिचित नाही. पोथीचा लेखक शेवटी ‘इति’ लिहितो. परंतु ‘इति’ हा शब्द ग्रंथाच्या मध्येही येतो. मोडी लिहिताना तर बहुधा शब्दही तोडीत नसत. तेथे वाचक अर्थाच्या आधाराने शेवट ओळखतो. यंत्राजवळ अर्थ नाही. म्हणून त्याला मजकुराबाहेरची खूण द्यावी लागते.

आता ज्ञानेश्वराच्या नावाकडे येतो. ‘सी’ जन्मली तेव्हा तिच्यापुढे इंग्रजी मजकूर होता. १९६३ साली प्रथम प्रमाणित झालेल्या ‘आस्की’ संकेतात १२८च चिन्हे होती. एक चिन्ह म्हणजे एक बाइट, हे तेथे खरे होते, आणि त्यामुळे बाइटला अक्षर म्हणण्याची सवय पडून गेली. आपल्याकडे १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण निघाले. त्यात व्यंजन, काना, मात्रा, हलन्ताची खूण यांना प्रत्येकी एक बाइट होता. त्या हिशेबाने ‘ज्ञानेश्वर’ला दहा बाइट लागत. युनिकोडनेही देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतली. पुढे १९९२ साली त्याच केन थॉम्प्सन यांनी, रॉब पाइक यांच्यासह, युनिकोड बाइटांत लिहिण्याची ‘यू.टी.एफ.-८’ ही पद्धत योजिली. आज ती सर्वत्र रूढ आहे. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन.

म्हणजे ‘ज्ञानेश्वर’ची अक्षरे चार, चिन्हे दहा आणि बाइट तीस. वीस बाइटांच्या जागेत सहा चिन्हे पूर्ण बसली, सातव्या ‘श’चे दोन बाइट आत शिरले आणि तिसरा बाहेर राहिला. ती रिकामी चौकट म्हणजे हा तुटलेला ‘श’. हेच नाव रोमन लिपीत लिहिले असते, तर अकरा बाइटांत सुखाने मावले असते. मुलाचे गणित चुकले नव्हते. त्याच्या पुस्तकातला ‘अक्षर’ हा शब्द आपल्या अक्षराचा नव्हता.

१९९५ साली ‘सी’च्या प्रमाणात मोठ्या चिन्हांच्या वाचनाची सोय जोडली गेली. तीही चिन्हे मोजते, अक्षरे नव्हे. देवनागरीत ‘क’ हाती आला, एवढ्याने अक्षर पुरे झाले असे म्हणता येत नाही. पुढे वेलांटी आहे की हलन्त, हे पाहावे लागते. पुढचे चिन्ह आपले नसेल तर ते प्रवाहात परत ठेवावे लागते, आणि एक चिन्ह परत ठेवण्याची हमी ‘सी’ देते. याच शाळेत पहिलीत आपण बोट ठेवून वाचीत होतो, तेव्हा बोट एका अक्षरावर आणि डोळा पुढच्यावर असे. ते हेच होते.

तरुणाने आज्ञावली दुरुस्त केली आहे. आता जागा मोठी आहे, आणि तोडणे भागच पडले तर अक्षराच्या सीमेवर तोडले जाते. परंतु जी नावे आधीच तुटून साठविली गेली, त्यांचा उरलेला भाग संगणकात कोठेही नाही. तो केवळ त्या जीर्ण नोंदवह्यांत आहे. काम संपल्यावर त्या वह्या रद्दीत द्याव्यात, असा विचार समितीत चालू होता. माझी नम्र विनंती आहे की, प्रत्येक नाव मूळ वहीशी ताडून कोणीतरी वाचीपर्यंत एकही वही हलवू नये. ज्यांना वेळ असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे. मी असेन. चष्मा मात्र आपापला आणावा.